शाळेची निवड : अंश दिसतो, छेद दिसत नाही

"पोराले कोनत्या शाळेत टाकू, गुरुजी?" मोहाचा हंगाम संपत आला आणि तेंदूच्या पानांची वाट पाहणे सुरू झाले, की धानोरा तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याने मनाशी काहीतरी ठरवलेले असते, तरी गुरुजींच्या तोंडून ते ऐकायचे असते. उत्तर देणाऱ्याची मात्र पंचाईत होते. तो स्वतः एका शाळेचा नोकर असतो, आणि पुष्कळदा त्याची स्वतःची मुले जिल्ह्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात असतात. पालकांना हे ठाऊक असते.

अमुक शाळा चांगली असा निवाडा आम्ही या लेखात देणार नाही. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे आहोत. दोन गोष्टींची तुलना रास्त केव्हा म्हणायची, एवढाच आमचा अनुभवाचा विषय. शाळेच्या निवडीत नेमकी तीच गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते असे आम्हाला वाटते.

खाजगी म्हणजे काय?

धानोरा हे गडचिरोलीहून पूर्वेला, मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. भोवती जंगल आणि जंगलात गोंडी बोलणारी लहान लहान गावे. शहरातला पालक "सरकारी की खाजगी?" असे विचारतो तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. इथे तसे नाही. गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते. काही अंतरावर आदिवासी विकास विभागाची शासकीय आश्रमशाळा असते, किंवा एखाद्या संस्थेने चालवलेली अनुदानित आश्रमशाळा. या दोन्ही निवासी. वरच्या वर्गांसाठी संस्थांची अनुदानित विद्यालये आहेत. मोठ्या गावांत फी घेणाऱ्या इंग्रजी शाळा आहेत. २०१२ च्या अधिनियमाने अशा नव्या शाळांना 'स्वयंअर्थसहाय्यित' हे नाव मिळाले. शिवाय २०१० पासून राज्य शासनाची आणखी एक योजना आहे. अनुसूचित जमातींच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या 'नामांकित' निवासी शाळांत पहिलीपासून प्रवेश मिळतो आणि त्यांचा खर्च शासन भरते. इथे शाळा खाजगी, पैसा सरकारी, आणि सहा वर्षांचे मूल घरापासून दूर. हिला सरकारी म्हणायचे की खाजगी?

म्हणजे एका 'खाजगी' या शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. शाळा चालवते कोण, पैसा कोणाचा, शिकवण्याची भाषा कोणती, आणि मूल रात्री झोपते कुठे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल काढून नामांकित शाळेत घातले की या चारांतल्या निदान तीन गोष्टी एकदम बदलतात. दोन वर्षांनी मूल हुशार दिसले किंवा कोमेजलेले दिसले, तर ते कशामुळे हे सांगता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम आपण सातवीच्या मुलांना शिकवतो. शाळांची चर्चा करताना मात्र तो बाजूला ठेवतो.

बोडीखालची बांधी

आता आकड्यांकडे पाहू. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन वाचून दाखवायला सांगतात. २०१८ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ४४.२ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. खाजगी शाळांत हे प्रमाण ६५.१ टक्के होते. फरक एकवीस टक्क्यांचा. एवढा फरक पाहून कोणीही म्हणेल की मूल खाजगी शाळेत घालावे.

पण धानाचे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने बोडीच्या खालच्या बांधीत नवे बियाणे पेरले आणि वरच्या, पाणी न टिकणाऱ्या बांधीत जुने. खालच्या बांधीत पीक जास्त आले. नव्या बियाण्याला त्याचे श्रेय देणाऱ्याला शेजारीपाजारी हसतील. खालच्या बांधीला पाणी आणि गाळ आधीच जास्त मिळत होता. खाजगी शाळेतल्या मुलांचेही असेच असते. त्यांच्या घरी फी भरण्याइतका पैसा असतो, आई शिकलेली असते, पुस्तक असते, शिकवणी असते, आणि मुलाच्या शिक्षणाची काळजी करणारे पालक असतात. ती काळजी होती म्हणूनच तर फी भरली गेली. 'असर'च्या आकड्यांचाच वापर करून घरची परिस्थिती सारखी असलेल्या मुलांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. तेव्हा या फरकाचा मोठा भाग नाहीसा होतो.

मोठा भाग म्हणजे सगळा नव्हे. उरलेला फरक शाळेचा, की घरातल्या एखाद्या न मोजलेल्या गोष्टीचा, हे अशा आकडेमोडीने ठरत नाही. शेतकऱ्याजवळ खरा उपाय असतो. तो एकच बांधी अर्धी नव्या आणि अर्धी जुन्या बियाण्याने पेरू शकतो. मूल मात्र अर्धे या शाळेत आणि अर्धे त्या शाळेत घालता येत नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग

यावर एक उपाय आहे आणि तो आपल्या शेजारीच करून पाहिला गेला. त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात २००८ पासून पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांना विचारले, की खाजगी शाळेचा खर्च भरून दिला तर तुम्ही अर्ज कराल का? ज्यांनी अर्ज केले त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून मुले निवडली. त्याआधी गावांच्याही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. १८० पैकी निम्म्या गावांत शिष्यवृत्ती द्यायची आणि उरलेल्या गावांत कोणालाच द्यायची नाही असे ठरले.

ही दुहेरी सोडत का केली ते समजून घेण्यासारखे आहे. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले असे दोन्ही पालक अर्ज करणारेच होते. त्यांची हौस सारखी, काळजी सारखी; फरक फक्त नशिबाचा. त्यामुळे चार वर्षांनी दोन्ही गटांच्या मुलांत जे अंतर दिसेल ते शाळेचे असे म्हणता येते. गावांची सोडत दुसऱ्या प्रश्नासाठी होती. काही मुले निघून गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांचे काय होते? ते पाहायला जिथून कोणीच गेले नाही अशी गावे तुलनेला हवीत.

सुमारे दोन हजार मुलांना शिष्यवृत्ती देऊ केली होती. दोन वर्षांनी तपासले आणि चार वर्षांनी पुन्हा तपासले. तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेची मुले बरीच पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवत होते आणि सरकारी प्राथमिक शाळांत ती जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. मागे राहिलेल्या मुलांचे नुकसानही दिसले नाही.

इथवर वाचून जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला बरे वाटेल. पण निष्कर्षाचा दुसरा भागही वाचायला हवा. या खाजगी शाळा तेलुगू आणि गणिताला सरकारी शाळांपेक्षा कमी वेळ देत होत्या, त्यांच्या शिक्षकांचे पगार कितीतरी कमी होते, आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. कमी वेळात आणि कमी पैशात तेवढेच गणित आणि वर हिंदी. हा हिशेब आपल्याला आवडो न आवडो, तो तिथे आहे.

हा प्रयोग जसाच्या तसा धानोऱ्याला लावता येईल का? पूर्णपणे नाही. तिथल्या मुलांच्या घरची भाषा तेलुगू होती आणि मुले रोज संध्याकाळी घरी येत होती. शिवाय दर गावातून थोडीच मुले गेली, त्यामुळे शाळा बंद पडण्याचा प्रश्न नव्हता. इथे या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत.

सहा नाण्यांची शाळा

त्याकडे वळण्यापूर्वी एक गणिती अडचण सांगायला हवी, कारण ती जंगलातल्या शाळांना विशेष भोवते. समजा चौथीत सहाच मुले आहेत. एका वर्षी पाचांना नीट वाचता आले, म्हणजे ८३ टक्के. पुढच्या वर्षी सहापैकी दोघांना आले, म्हणजे ३३ टक्के. तपासणीला आलेले साहेब विचारतात, गुरुजी, शाळा घसरली कशी?

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक गंमत करून पाहावी. जमलेल्या चाळीस शिक्षकांनी प्रत्येकी सहा नाणी उडवावीत. सहापैकी पाच किंवा सहा छापे पडण्याची शक्यता ६४ मध्ये ७ इतकी असते. म्हणजे चाळिसांपैकी चार-पाच जणांना ८३ टक्के किंवा त्याहून जास्त 'निकाल' मिळेल, आणि तितक्याच जणांना १७ टक्के किंवा त्याहून कमी. कोणाचेही नाणे दुसऱ्यापेक्षा हुशार नाही. आता प्रत्येकाने साठ नाणी उडवली तर पन्नास छापे कोणालाच पडणार नाहीत. बहुतेकांचे आकडे चोवीस आणि छत्तीस यांच्या दरम्यान येतील. संख्या दहापट झाली की टक्केवारीचे हेलकावे सुमारे तीनपट कमी होतात, कारण ते संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात.

म्हणून कोणत्याही यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली लहान शाळाच जास्त दिसतात. वरच्या शाळेचा सत्कार होतो, खालच्या शाळेला नोटीस जाते, आणि दोन्ही प्रसंगी नाण्यांचा हात मोठा असतो. लहान शाळेला जोखायचे तर निदान पाच वर्षांची मुले एकत्र धरावीत.

मोठ्या शाळांची तऱ्हा निराळी. जूनमध्ये बसस्थानकाजवळ फ्लेक्स लागतात आणि शिष्यवृत्तीत आलेल्या दहा मुलांचे फोटो झळकतात. परीक्षेला किती बसली होती, पहिलीत किती आली होती आणि मधल्या काळात किती गळाली हे फ्लेक्सवर नसते. अपूर्णांकातला अंश दिसतो, छेद दिसत नाही. पालकाबरोबर शाळा पाहायला जाणाऱ्या शिक्षकाने हा एक प्रश्न जरूर विचारावा. आणि तोच प्रश्न आश्रमशाळेत आणि आपल्या शाळेतही विचारावा.

येर आणि पाणी

आता भाषा. मराठी आणि गोंडी यांच्यात फारसे नाते नाही. गोंडी द्राविड कुळातली आहे. उंदी, रंड, मुंड, नालुंग ही तिची पहिली चार संख्यानामे तेलुगू ऐकलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटतील. देशात गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे तीस लाख आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

वाचायला शिकणे म्हणजे नवी भाषा शिकणे नव्हे. मूल जी भाषा आधीच बोलते तिच्यातले शब्द कागदावर ओळखू येणे, याला आपण वाचन म्हणतो. मराठी घरातले मूल 'पा' आणि 'णी' जोडून वाचते, आणि त्याला ओळखीचा शब्द सापडतो. आपण बरोबर वाचले हे त्याचे त्यालाच कळते. ज्या घरात पाण्याला 'येर' म्हणतात त्या घरच्या मुलाने तेच दोन अक्षर जोडले तर त्याच्या हाती एक आवाज येतो, आणि तो बरोबर की चूक हे गुरुजींकडे पाहूनच ठरवावे लागते. अशी मुले खडाखडा वाचतात आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. त्यांना मंद म्हणण्याची चूक कितीतरी वेळा होते.

अशा मुलाला मराठी शाळेत दुसऱ्या भाषेतून शिकावे लागते. इंग्रजी शाळेत तिसऱ्या, आणि ती तर गावात कोणीच बोलत नाही. आंध्रच्या प्रयोगात एक सूचक गोष्ट दिसली होती. तेलुगू माध्यमाच्या खाजगी शाळांत गेलेली मुले इंग्रजी माध्यमात गेलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. हा भाग सोडतीने ठरला नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण १९५३ साली युनेस्कोच्या तज्ज्ञांनी मातृभाषेतून आरंभ करण्याची शिफारस केली होती; आपल्या राज्यघटनेचे कलम ३५०-क आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ यांचाही रोख तोच आहे.

पालकांना इंग्रजी हवी असते ती अज्ञानामुळे असे मानणे आम्हाला उर्मटपणाचे वाटते. साहेब इंग्रजी बोलतो, कागद इंग्रजीत येतो, नोकरी इंग्रजीने मिळते हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांना एवढेच समजावून द्यावे, की इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट दुसरीशिवायही होऊ शकते.

याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तिसराच मार्ग काढला. २०१९ मध्ये तिने गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली आणि नाव दिले 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. ही शाळा सरकारी नाही, आणि फी घेऊन चालणारी खाजगीही नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली मान्यता नाही म्हणून २०२२ मध्ये तिला शाळा बंद करण्याची नोटीस आली. ज्या कायद्याचे एक कलम मातृभाषेतून शिकवा म्हणते, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाखाली ही कारवाई होती. ग्रामसभेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली.

गुरुजी हजर, पोर घरी

पालकाने शाळेत जाऊन काय पाहावे? इमारत आणि गणवेश हे सहज दिसते, म्हणून तेच पाहिले जाते. आमच्या मते पहिला प्रश्न असा, की गेल्या महिन्यात किती दिवस या वर्गाला शिकवले गेले? २००३ साली देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या तेव्हा चारांतला एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. गैरहजर म्हणजे कामचुकार नव्हे. रजा, प्रशिक्षण आणि इतर सरकारी कामेही त्यात आली. पण साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक या नियमाने चालणाऱ्या शाळेत एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले, की दुसऱ्याच्या वाट्याला चार वर्ग येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची खरी दुबळी जागा ही आहे. तिचे उत्तर शाळेची मालकी बदलून मिळत नाही, शिक्षक देऊन मिळते.

निवासी शाळेबाबत दुसरा प्रश्न रात्रीचा. मुलाला रात्री ताप आला तर हिवतापाची तपासणी त्याच रात्री होते का, आणि कोण करतो? गडचिरोलीत हिवताप आहे, सिकलसेलही आहे. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. तिचा अहवाल २०१६ मध्ये राज्यपालांना सादर झाला. हा प्रश्न शासकीय, अनुदानित आणि नामांकित अशा तिन्ही ठिकाणी सारखाच विचारावा. आणि मुलाला समजेल अशी भाषा बोलणारे मोठे माणूस वसतिगृहात आहे का, हेही विचारावे. हेमलकशाच्या लोक बिरादरी आश्रमशाळेने १९७६ पासून माडिया मुलांना निवासी शिक्षण दिले आहे, तेव्हा निवासी शाळा वाईटच असे कोणी समजू नये.

राहिली शाळा बंद पडण्याची गोष्ट. प्रत्येक पालक आपल्या मुलापुरता विचार करतो आणि ते योग्यच आहे. पण चौदा मुलांच्या शाळेतून पाच मुले गेली, की उरलेल्या नऊ मुलांची शाळा कागदावर 'कमी पटाची' होते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा राज्य शासनाचा निर्णय जाहीर झाला होता, आणि २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची योजना पुढे आली. नाला ओलांडून पलीकडच्या गावी जायचे तर पावसाळ्यात सहा वर्षांचे मूल घरीच राहते. जी मुले गेली ती सहसा बोडीखालच्या बांधीतली. घरी राहणारी वरच्या बांधीतली. पाच घरांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या निर्णयाचा परिणाम नऊ घरांवर होतो, आणि त्या नऊ घरांना कोणी विचारलेले नसते.

यासाठी हा विषय एकेकट्या पालकाशी शाळेच्या व्हरांड्यात न बोलता गावाने बसून बोलावा असे आम्ही सुचवतो. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटांची रीत रुजवली. विषय आधी समजून घ्यायचा आणि मग सर्वसहमतीने ठरवायचे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. बांबूचा हिशेब ज्या पद्धतीने झाला, त्या पद्धतीने वाचनाचाही होऊ शकेल.

त्यासाठी शिक्षकाने काय आणावे? एक साधी वही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाची पातळी त्याच्या नावापुढे लिहावी : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मार्चमध्ये पुन्हा लिहावी. मार्चची पातळी सांगते मूल कुठे आहे. दोन्हींतले अंतर सांगते शाळेने काय केले. जे मूल जूनमध्येच गोष्ट वाचत होते त्याची प्रगती या पट्टीवर दिसणार नाही, त्याच्यासाठी वरच्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे. गोंडी घरातल्या मुलाला वाचलेल्या गोष्टीवरचा प्रश्न आधी गोंडीत विचारावा, मग मराठीत, आणि दोन्ही उत्तरांचे दोन रकाने करावेत. शिक्षकाला गोंडी येत नसेल तर गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना किंवा मोठ्या मुलीला शेजारी बसवावे. सुट्टीत घरी आलेल्या आश्रमशाळेच्या आणि नामांकित शाळेच्या मुलांनाही तीच पाने वाचायला द्यावीत, आणि ती गावातून गेली तेव्हा कोणत्या पातळीवर होती हे जुन्या वहीत पाहून त्याच ओळीत लिहावे.